पंखाखालचं ओझं

विमानाला आणखी एक तोफ लावा असं वैमानिक म्हणाला, की आर्मामेंटवाल्याच्या डोक्यात आधी किलो येतात, मिलिमीटर नंतर. हवाई दलात हंटर लढाऊ विमानाच्या चार एडन तोफांची देखभाल करण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. (त्या एडनचं मूळ जर्मनच, दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस माउझर कंपनी जी तोफ विकसित करत होती, तिच्यावरून ती बेतलेली.) त्यामुळे दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन लढाऊ विमानांविषयी वाचताना माझं लक्ष शूरवीरांपेक्षा विमानाच्या नावातल्या तिरक्या रेघेकडे जातं.

मेसरश्मिट 109 जी-6 घ्या. नाकावर 13 मिमीच्या दोन मशीनगन आणि प्रॉपेलरच्या पोकळ आसातून मारा करणारी 20 मिमीची एक तोफ. रेघेपुढे ‘यू’ असेल तर बदल कारखान्यातला, ‘आर’ असेल तर तळावर बसवता येणारा संच. यू-4 म्हणजे मधली तोफ 30 मिमीची. आर-3 म्हणजे पोटाखाली 300 लिटरची टाकी. आर-6 म्हणजे पंखांखाली दोन जादा 20 मिमी तोफा. नियम झकास, पण फॉके-वुल्फ 190 ची ‘आर’ लिहिलेली कितीतरी विमानं थेट कारखान्यातूनच तशी बाहेर पडली. मॉडेल बनवणारी मंडळी या अक्षरांवरून हमरीतुमरीवर आली, की मी चहा मागवतो.

हा सगळा खटाटोप अमेरिकेच्या बी-17 बॉम्बरसाठी होता. जर्मनांच्या हिशेबानं मागून हल्ला करून ते पाडायला 20 मिमीचे सुमारे वीस गोळे लागावे लागत. साध्या वैमानिकाचे शंभरात दोनच लागत. म्हणजे एका बॉम्बरमागे हजार गोळे, आणि जी-6 च्या मधल्या तोफेपाशी होते दोनशेच्या आसपास. म्हणून आर-6. पण दोन तोफा, त्यांच्या गोळ्यांचे पट्टे आणि वरचं आवरण मिळून दोनशे किलोंवर ओझं पंखांखाली लटकलं. वेग फारसा कमी होत नसे. कूस बदलायला मात्र विमान जड होई, आणि समोर शत्रूचं लढाऊ विमान असेल तर तेवढ्यात खेळ संपतो.

मग भूदलाचं 21 सेंटिमीटरचं रॉकेट पंखाखालच्या नळीत घातलं. एकेक रॉकेट 112 किलोंचं. नेम धरण्याचं ते हत्यारच नव्हे. बॉम्बरांच्या मशीनगनच्या टप्प्याबाहेरून डागायचं आणि त्यांची रांग विस्कटायची, मोकळे पडलेले बाकीच्यांनी टिपायचे. 14 ऑक्टोबर 1943 ला श्वाइनफुर्टवर अमेरिकेनं 60 बी-17 गमावली, त्यात या रॉकेटांचा वाटा होता.

30 मिमीची एमके 108 ही माझ्या मते त्या युद्धातली सर्वांत हुशार तोफ. आखूड नळी, बरेचसे भाग पत्रा दाबून काढलेले, वजन साठ किलोंच्या आत, आणि तीन-चार गोळ्यांत बॉम्बर खाली. तोटा एकच: गोळा सेकंदाला सुमारे 540 मीटरनं निघे, त्यामुळे लवकर खाली झुके. चाचणी-माऱ्याच्या बटवर विमान जॅकवर चढवून ज्यानं हार्मनायझेशन, म्हणजे सगळ्या तोफांचा नेम एका बिंदूवर जुळवणं, केलंय, त्याला विचारा. 13, 20 आणि 30 मिमी, तिघांचे मार्ग निराळे. ते एका बिंदूवर आणले तरी जरा पुढं-मागं झालं की पुन्हा फाकतात. इलाज म्हणजे खूप जवळ जाणं, आणि जवळ जायचं तर चिलखत हवं. फॉके-वुल्फ 190 ए-8 च्या आर-8 प्रकारात कॉकपिटच्या बाजूंना 5 मिमी पोलाद आणि जाड काच आली. 7 जुलै 1944 ला ओशर्सलेबेनजवळ अशा विमानांनी लिबरेटर बॉम्बरांच्या एकाच ग्रुपची डझनभर विमानं पाडली. पण या जडशीळ विमानांना अमेरिकी मस्टँग लढाऊ विमानांपासून वाचवायला वर हलकी 109 ठेवावी लागत. शिकाऱ्यालाच राखणदार!

रात्रीच्या लढाईत मात्र एका आर्मररनं वजनाचा नव्हे, कोनाचा विचार केला. पार्खिम तळावरच्या पाउल माले यानं 1943 मध्ये मेसरश्मिट 110 च्या पाठीत जुन्या पडलेल्या दोन 20 मिमी तोफा जवळजवळ उभ्या बसवल्या, तोंड आभाळाकडे. नेमाची काच वैमानिकाच्या डोक्यावर. ब्रिटिश लँकेस्टर बॉम्बरला बहुधा पोटाखाली मशीनगनच नसे. खाली जाऊन वेग जुळवायचा आणि पंखातल्या इंधनटाक्यांवर मारायचं. बॉम्ब असलेल्या पोटावर नाही, नाहीतर स्फोट आपल्याच डोक्यावर. बाहेर लटकणारं काही नाही, आणि गोळ्यांची प्रकाशरेघ जेमतेम दिसेल इतकी मंद, त्यामुळे मारा कुठून होतोय हे ब्रिटिशांना कित्येक महिने उमगलं नाही. 17 ऑगस्ट 1943 च्या रात्री पेनेम्युंडेवरच्या ब्रिटिश हल्ल्यात या तोफांनी पहिला मोठा हात दाखवला. वरून आदेश येऊन तळानं संच लावायचा, हा रिवाज इथे उलटा झाला. पुढे कारखान्यांनी मालेची जुळणी उचलली, आणि युंकर्स 88 नि हायंकेल 219 मध्येही पाठीतल्या तोफा बसू लागल्या.