निघण्याआधीची दिवाळी

नर्मदा परिक्रमेला जायचं तर घरच्या सुखांची सवय आधीपासून मोडायला हवी, असं मी पहिल्या खेपेला मानत होते आणि विचारायला येणाऱ्यांनाही तेच सांगत होते. यंदा पुन्हा निघायचं ठरलं आहे, आणि आता माझं मत अगदी बदललं आहे.

त्या वेळी गणपती उठल्याबरोबर मी चहा सोडला. गादी गुंडाळून सतरंजीवर निजायला लागले. रात्रीचं जेवण बंद केलं. परिक्रमा उचलायची ती चातुर्मास संपल्यावर, कार्तिकी एकादशीनंतर. त्यामुळे घरातले शेवटचे पंधरा दिवस नेमके दिवाळीचे येतात. त्या दिवाळीत मी फराळाला हात लावला नाही. वहिनीने खास माझ्यासाठी केलेले अनारसे डब्यात तसेच राहिले. नवरा वैतागून म्हणाला, "ओंकारेश्वर अजून लांब आहे, तू घरातच झोळी घेतलीस का?" मला वाटलं, ह्यांना काय कळणार!

माझ्या हट्टाला कारण होतं. अमरकंटकपासून समुद्रापर्यंत नर्मदा १,३१२ किलोमीटर वाहते आणि परिक्रमेत दोन्ही तट चालायचे असतात. नदी सतत उजव्या हाताला ठेवायची, मध्ये कुठेही ओलांडायची नाही. फक्त मुखाशी नावेतून पलीकडच्या तटावर जायचं. परंपरेने याला तीन वर्षं, तीन महिने आणि तेरा दिवस लागतात. हल्ली बरेच जण काही महिन्यांत पूर्ण करतात. जवळ साठा करायचा नाही, मिळेल ते खायचं, जागा मिळेल तिथे पाठ टेकायची. हे सगळं एकदम कसं झेपणार? सराव हवाच, असा माझा हिशेब.

तो हिशेब वाटेत फसला. दक्षिण तटाने जाताना शूलपाणीची झाडी लागते. त्या बाजूचा काही भाग आपल्या नंदुरबार जिल्ह्यातला. तिथल्या एका पाड्यावर एका म्हातारीने चुलीवरचा बिनदुधाचा चहा माझ्यापुढे केला. मी हात जोडून सांगितलं, चहा सोडलाय. ती काही बोलली नाही, पेला घेऊन आत गेली. आमच्यातले एक जुने परिक्रमावासी मात्र पुढच्या चढावर मला चांगलेच बोलले. मैयाच्या काठी समोर आलेलं परतवायचं नसतं, म्हणाले. नंतर गावोगाव तेच अनुभवलं. "कितनी मूर्ती हो?" "माताराम, चाय पी लो" म्हणत माणसं थांबवायची. कुणी सदावर्ताचा शिधा द्यायचं, कुणी भर उन्हात ताक. रोज हात पुढे करून घ्यावं लागत होतं, आणि मी महिनोन्‌महिने नाही म्हणायचा रियाज करून गेले होते.

सतरंजीचाही उपयोग झाला नाही. दिवसभर चालल्यावर धर्मशाळेच्या फरशीवर कुणालाही झोप लागते. खरा सराव हवा होता तो पायांना. माझे बूट कोरे होते. टाचा सोलून निघाल्या. इकडे घरी निराळाच घोळ. पेन्शनवाल्यांनी नोव्हेंबरात द्यायचा हयातीचा दाखला वैराग्याच्या नादात राहून गेला आणि पेन्शन अडकली. मुगाची डाळ कुठल्या डब्यात आहे, हेही नवऱ्याला ठाऊक नव्हतं.

म्हणून यंदाची तयारी वेगळी आहे. भाद्रपदापासून रोज सकाळी पाठीवर सॅक लावून चालते. सॅकेत तांदळाच्या पिशव्या भरल्या आहेत, दर आठवड्याला थोडं वजन वाढवते. बूट पायाला बसले आहेत. हयातीचा दाखला २०१४ पासून 'जीवन प्रमाण'मुळे डिजिटलही देता येतो, आता तर मोबाइलवर चेहरा दाखवूनसुद्धा. निघायच्या आधी ते काम उरकणार. डब्यांवर चिठ्ठ्या लावल्या आहेत आणि नवरा कुकरच्या शिट्ट्या मोजायला शिकला आहे. शेजारच्या वहिनींकडे तुळस आणि किल्ली सोपवायची आहे.

बाकी मी मजेत आहे. सकाळी फिरून आल्यावर बंबाचं कढत पाणी, मग पेपरातल्या शब्दकोड्याबरोबर दुसरा चहा. दुपारी मऊ भात, मेतकूट, वर तुपाची धार आणि पंख्याखाली तासभर डुलकी. नातलग जेवायला बोलावतात, जसं काही माझं केळवणच चाललं आहे. मी एकालाही नाही म्हटलेलं नाही. अनारशांचे तांदूळ या वेळी मीच भिजत घातले. तीन दिवस रोज पाणी बदललं, सावलीत सुकवून कुटले, गूळ मिसळून गोळा मुरत ठेवला आहे. खसखशीवर थापून दिवाळीत तळायचे आहेत.

माझ्याबरोबर येणारी मैत्रीण म्हणते, इतकी चैन केलीस तर मन घरात अडकेल. अडकेलही. पण मागच्या खेपेला ते अडकलंच होतं, आणि तेही न खाल्लेल्या फराळात. रात्री पाय चेपताना मला त्या डब्याचीच आठवण यायची. खाऊन निघाल्यावर मन किती मोकळं राहतं, याचा निकाल फाल्गुनापर्यंत लागेलच.

यंदा कार्तिकात जे निघणार आहेत त्यांनी पाय तयार करावेत, कागदपत्रं वेळेत द्यावीत, घरच्यांच्या हाती घर नीट सोपवावं. व्रत सुरू होतं ते नर्मदेच्या काठी संकल्प सोडल्यावर. तोवर घरच्यांनी प्रेमाने पानात वाढलेलं काही नाकारू नये.