मलप्रभेच्या काठची तांबडी आणि काळी

बेळगावहून चोर्ल्याच्या वाटेने गोव्याकडे निघालेल्या प्रवाशाने जांबोटी मागे टाकली की पुढे कणकुंबी लागते. मलप्रभा नदीचा उगम येथलाच. येथून ती पूर्वेकडे वळते आणि खानापूर, मुगुटखान हुबळी ही गावे घेत सौंदत्तीजवळ रेणुकासागर जलाशयात विसावते. उन्हाळ्याच्या अखेरीस या नदीच्या सोबतीने जो जाईल, त्याला मातीचा रंग हळूहळू पालटताना दिसेल. आरंभी जांभ्याची तांबडी, मधल्या पट्ट्यात मसारी, आणि बैलहोंगल सोडल्यावर ज्वारी-कापसाची काळीभोर जमीन. मे महिन्यात मी या वाटेने गेलो, तेव्हा दोन्हीकडच्या शिवारांत शेणखताचे लहान लहान ढीग मृगाची वाट पाहत पडले होते.

शेण तेच, पाऊसही आभाळातलाच. परंतु त्या ढिगांतून जे विरघळून निघते त्याची गती मात्र दोन्ही ठिकाणी अगदी निराळी असते. ‘तांबडी गळकी, काळी धरून ठेवणारी’ असे आपले जुने शेतकरी म्हणतात. त्यात तथ्य आहे, पण निम्मेच.

प्रथम तांबडीचे पाहू. तिचे कण बारीक असले तरी लोहाच्या योगाने ते एकमेकांना चिकटून टिकाऊ रवे बनतात आणि रव्यांच्या मधून पाणी झरझर उतरते. त्या पाण्याबरोबर शेणातील सर्वच द्रव्ये उतरत नाहीत. स्फुरद त्या लोहालाच घट्ट चिकटून राहते. नत्राचे मात्र तसे नाही. मातीतले सूक्ष्म जंतू शेणातील नत्राचे नायट्रेट करतात; हा क्षार पाण्यात पूर्ण विरघळतो आणि मातीच्या कणांना फारसा चिकटत नाही. सह्याद्रीच्या माथ्यावरील धुवांधार पावसात तो मुळांच्या तावडीतून निसटून खाली जातो. माळावर हे घडते. शेजारच्या भातखाचरात घडत नाही. तेथे चिखलणीने मातीचे रवेच मोडलेले असतात, तळाशी कठीण थर बसलेला असतो आणि पाणी साचून राहते. अशा कोंडलेल्या चिखलात पुष्कळसे नायट्रेट वायुरूप होऊन उडून जाते. एकाच बांधाच्या अलीकडे एक न्याय आणि पलीकडे दुसरा!

आता काळीकडे वळू. कानडीत या जमिनीला ‘एरे’ म्हणतात आणि गांडुळाला ‘एरेहुळ’. भाषेनेही दोघांचे नाते ओळखले आहे. ही माती भिजली की फुगते व वाळली की आकसते. वैशाखात तिला अशा भेगा पडतात की त्यांत सहज हात जावा. खोलीही हात-दोन हात भरते. वळवाची पहिली सर आली की ढिगाखालचे तपकिरी पाणी मातीत मुरत बसत नाही, ते भेगेतून थेट खाली कोसळते. माती ही मोठी गाळणी खरी, पण पाणी तिच्या अंगातून गेले तर! भेगेतून गेलेल्या पाण्यातील रोगजंतू, अमोनिया आणि स्फुरद न गाळता खोलवर पोहोचतात. पुढे आठ-पंधरा दिवसांच्या पावसाने माती फुगून भेगा मिटल्या की उलटाच प्रकार होतो. पाणी आत शिरत नाही, वरून वाहते आणि शेणाचा अंश ओढ्याने मलप्रभेस मिळतो. म्हणजे धरून ठेवणारी ही जमीन ज्या दिवसांत शेतात खताचे ढीग असतात, नेमकी त्याच दिवसांत सर्वांत गळकी असते.

ही गोष्ट नवी नव्हे. इंग्लंडमध्ये रॉथमस्टेड येथे 1870 साली जमिनीचे तुकडे न हलवता त्यांच्याखाली 20, 40 व 60 इंचांवर झिरपणारे पाणी गोळा करण्याची सोय केली होती. तेथील संशोधकांनी नंतर लिहून ठेवले की हे पाणी दोन तऱ्हांनी येते: काही वाटांनी धावत, काही कणाकणांतून सावकाश. गांडुळांची बिळे ही अशीच वाट होय. म्हणून गांडुळांना दोष मात्र कोणी देऊ नये. त्यांनी केलेला भुसभुशीतपणा पिकाला हवाच असतो.

मग करावे काय? काळीत ढीग टाकण्यापूर्वी कुळवाची एक उथळ पाळी द्यावी, म्हणजे भेगांची तोंडे बुजतात. खत चांगले कुजलेले असावे, ते ढिगात न ठेवता पसरावे आणि पसरले त्याच दिवशी मातीत मिसळावे. तांबडीत एकदम भरपूर न घालता थोडे थोडे, पीक उभे राहू लागेल त्या सुमारास द्यावे. उकिरडा मात्र कोणत्याच मातीत विहिरीच्या वरच्या अंगास नको.

घरच्या माउलींसाठी एक गोष्ट मुद्दाम सांगतो. अमेरिकेतील आयोवा राज्यात 1945 साली कॉमली या डॉक्टरांनी दाखवून दिले की नायट्रेटयुक्त विहिरीचे पाणी घालून दूध पाजलेली तान्ही बाळे निळी पडत होती, कारण त्यांच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्ती त्याने हिरावली जाते. आपल्या देशात पिण्याच्या पाण्यात लिटरमागे 45 मिलिग्रॅम नायट्रेट ही मर्यादा ठरलेली आहे. पाणी उकळल्याने जंतू मरतात, नायट्रेट जात नाही. उलट पाणी आटेल तसे त्याचे प्रमाण वाढते. त्याला चव नाही, वास नाही, रंगही नाही. तेव्हा ज्या घरात पाळणा हलतो आहे, त्या घराने आपल्या विहिरीचे पाणी पहिल्या पावसानंतर तपासून घ्यावे आणि अहवाल येईपर्यंत बाळासाठी दुसरीकडचे खात्रीचे पाणी आणावे.