सत्तर बाय नव्वद

जुन्या बुलेट ३५० च्या बिडाच्या इंजिनाचा बोअर ७० मिलिमीटर, स्ट्रोक ९० मिलिमीटर. अंगाने अरुंद, उंचीने थोर. पिस्टनला पल्ला लांब, म्हणून चाल संथ आणि ठोका सुटा सुटा, कानाला मोजता येईल असा. मद्रासला या गाडीचे काम १९५५ मध्ये सुरू झाले. इंग्लंडमधला रेडिचचा मूळ कारखाना पुढे मिटला, मद्रासचे इंजिन मात्र एकविसाव्या शतकातही काही वर्षे त्याच मापाने निघत राहिले. म्हणून कोल्हापूरच्या उद्यमनगरापासून तालुक्याच्या लेथपर्यंत या इंजिनांचे ब्लॉक आजही बोअर मारायला येतात.

इंजिन खोलण्याआधी धूर पाहावा. अ‍ॅक्सिलरेटर पिळून धरल्यावर निळसर धूर सुटत राहिला, तर रिंगा आणि बोअर झिजले असे समजावे. लांब उतार गियरमध्येच, अ‍ॅक्सिलरेटर सोडून उतरला आणि पुन्हा पिळताच धुराचा लोट आला, तर ऑइल व्हॉल्व्हच्या गाईडमधून झिरपते आहे. पहिले दुखणे ब्लॉकचे, दुसरे हेडचे. पुष्कळदा दोन्ही एकत्र नांदतात, आणि मालक नुसता पिस्टन बदलून घरी जातो.

ब्लॉक सगळीकडे सारखा झिजत नाही. वरच्या टोकाला, पहिली रिंग जिथून माघारी फिरते तिथे दाब सर्वांत जास्त आणि ऑइल सर्वांत कमी. तिथे नखाला लागेल अशी कड तयार होते. कनेक्टिंग रॉड तिरपा होताना पिस्टन ज्या बाजूंना रेटला जातो, त्या दिशेने बोअर अंडाकृती होतो. म्हणून बोअर गेज वर, मध्ये, खाली आणि दर ठिकाणी दोन दिशांनी फिरवावा लागतो. सर्वांत खोल झीज पुसली जाईल एवढाच मोठा पिस्टन घ्यावा. ओव्हरसाइज पिस्टन पायरीपायरीने मिळतात. पाव, अर्धा, पाऊण, एक मिलिमीटर ही नेहमीची चढण. एकदम एकवर उडी मारली तर ३४६ सीसीचे ३५६ होतात. रस्त्यावर या दहा सीसींचा पत्ताही लागत नाही; मधल्या पायऱ्या मात्र कायमच्या गेल्या, आणि पुढच्या खेपेला नवा स्लीव्ह बसवण्यावाचून गत्यंतर उरत नाही.

पिस्टन हातात आल्याशिवाय बोअर मारू नये. डब्यावरचा आकडा हे नुसते नाव. खरे माप त्या एका पिस्टनचे. तो दिसतो गोल, पण असतो किंचित लंबगोल, आणि माथ्याकडे किंचित निमुळता, कारण माथा जास्त तापतो आणि जास्त फुगतो. त्याचे माप स्कर्टवर, गजन पिनच्या काटकोनात घेतात. अ‍ॅल्युमिनियम बिडाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते. दोन्ही शंभर अंश सेल्सियसने तापले तर ७० मिलिमीटरचा पिस्टन ब्लॉकपेक्षा सुमारे ०.०७ मिलिमीटर अधिक वाढतो. कारागिराच्या बोलीत, तीन थाऊला, म्हणजे इंचाच्या तीन हजारांशांना, थोडे कमी. पिस्टन आणि ब्लॉक यांच्यामधल्या एवढ्याशा पोकळीवर इंजिनाचा जीव टांगलेला. घट्ट ठेवली तर पिस्टन सीझ होतो, सैल ठेवली तर थंड इंजिन खडखडते. फोर्ज्ड पिस्टन मजबूत खरा, पण तो सहसा जास्त फुगतो आणि जास्त सैलपणा मागतो. संथ चालीच्या या इंजिनात त्या मजबुतीचा उपयोग होण्याची वेळ क्वचितच येते. कास्ट पिस्टन पुरतो. जुना आणि नवा पिस्टन तराजूत घालून पाहावेत. क्रँकचा तोल एका वजनावर ठरलेला असतो, तो बिघडला की थरथर हँडलपर्यंत पोचते.

बोअर मारल्यावर केलेल्या होनिंगच्या तिरप्या, एकमेकींना छेदणाऱ्या बारीक रेघा ऑइल धरून ठेवतात. त्यांत अडकलेली कुरुंदाची पूड मात्र रॉकेलने जात नाही. ब्लॉक गरम पाण्याने, साबण लावून घासावा आणि लगेच ऑइल चोळावे.

हेडच्या कामाला क्रम आहे आणि तो उलटा करता येत नाही. आधी गाईड, मग सीट, शेवटी लॅपिंग. सीट कापणारा कटर गाईडमध्ये उभा राहतो. गाईड सैल असेल तर सीटही तिरकी कापली जाते. सीटचा मुख्य कोन ४५ अंशांचा. एक्झॉस्ट व्हॉल्व्हची बरीचशी उष्णता या सीटमधूनच हेडमध्ये उतरते, म्हणून तिथली सीट फार अरुंद केली की व्हॉल्व्ह जळतो. दर कापणीला व्हॉल्व्ह थोडा आत बसतो, स्प्रिंग तेवढी सैल पडते आणि तिच्याखाली शिम घालावी लागते. देशात २००० मध्ये शिसेयुक्त पेट्रोल बंद झाले. शिशाचा थर सीटचा मार झेलत असे. त्यामुळे जुन्या हेडची सीट आत धसली असेल, तर कापत बसण्यापेक्षा कठीण धातूची नवी बसवलेली बरी. लॅपिंगनंतर पोर्टमध्ये पेट्रोल ओतून हेड काही वेळ ठेवावे. व्हॉल्व्हच्या कडेने ओल दिसली तर काम अपुरे आहे.

पोर्ट आरशासारखे चमकवण्याची हौस बहुतेकांना असते. इनटेकचा पोर्ट रुंद केला की कमी आरपीएमवर हवेचा वेग पडतो, आणि बुलेट चालते ती त्याच आरपीएमवर. कार्बोरेटरच्या तोंडाशी उरलेला उंबरठा घासून सपाट करणे पुरेसे. पैसे मोजकेच असतील, तर ते फोर्ज्ड पिस्टनपेक्षा गाईड आणि सीटवर घालावेत.