सांधा

गेल्या महिन्यात घर बदलताना माळ्यावरच्या खोक्यातून आमचे जुने जम्बो जेट निघाले. प्लास्टिकचे, १:१४४ प्रमाणातले. म्हणजे सत्तर मीटरांचे बोइंग ७४७ सुमारे ४९ सेंटिमीटरांत बसवलेले. १९९१ साली आत्याने लंडनहून आणलेल्या सुट्या भागांतून मी आणि दादाने ते जोडले होते. मी नऊ वर्षांचा, तो चौदाचा. खिडक्यांभोवती एअर इंडियाच्या तांबड्या महिरपी त्याने शाईने काढल्या. ‘सम्राट अशोक’ हे नाव मात्र घालू दिले नाही. ते विमान १ जानेवारी १९७८ रोजी वांद्र्याच्या समुद्रात कोसळले होते. आमचे ‘विक्रमादित्य’ झाले.

आता त्याच्या धडाचे दोन अर्धे भाग नाकापासून पंखांपर्यंत उकलले होते. दोष आमचाच. नळीतला दाट गोंद आम्ही नाकापासून शेपटीपर्यंत एका दमात फासला. शेपटी गाठेपर्यंत नाकाकडचा सुकून गेला होता.

वास्तविक त्याला गोंद म्हणणेच चूक. खळ दोन कागदांच्या मध्ये तिसरा पदार्थ म्हणून उरते. पॉलिस्टायरीनसाठीचा द्रावक दोन्ही कडा विरघळवतो, त्या एकमेकींत मिसळतात आणि तो स्वतः उडून जातो. गण आणि ईश यांचा गणेश होताना ‘अ’ही उरत नाही आणि ‘ई’ही उरत नाही, हे मी वर्गात अठरा वर्षे सांगत आलो आहे. मुले घड्याळाकडे पाहतात. असो.

या खेपेला आधी सगळे कोरडेच जुळवून पाहिले. जुन्या गोंदाचे खडे पात्याने खरवडले. नाकात वजन घालायला आम्ही तेव्हा विसरलो होतो, त्यामुळे विमान कायम शेपटीवर बसे. आता गळाला लावायचे शिसे आत बसवले. मग रबरबँड लावून, एका वेळी पाच सेंटिमीटर, याहून अधिक नाही. पातळ द्रावकाचा कुंचला फटीला टेकवला की केशाकर्षणाने तो आत धावतो. किंचित दाबले की वितळलेल्या प्लास्टिकची बारीक ओळ वर येते. ती पुसायची नसते. पुरती सुकू द्यायची आणि मग काचकागदाने घासायची.

घासता घासता पंखाच्या मुळाशी अंगठ्याचा ठसा दिसला. ओल्या द्रावकाच्या बोटाने धरल्यामुळे रेषांसकट उमटलेला. नऊ वर्षांच्या मुलाचा असण्याइतका तो लहान नव्हता.

दादाचे आणि माझे बोलणे २०१९ पासून बंद आहे. गावच्या घराच्या वाटणीचे निमित्त. कोणाचे काय चुकले ते इथे लिहीत नाही, कारण मी ते माझ्या सोयीचेच लिहीन. कसलेला कारागीर असा डाग ठेवत नाही, हे मला ठाऊक होते. मी त्याच्या अलीकडे घासले, पलीकडे घासले. काम त्यामुळे अर्धवट दिसते.

उजव्या पंखाचे बाहेरचे इंजिन खोक्यात नव्हते. दोन दिवस शोधले. तिसऱ्या रात्री दादाला संदेश पाठवला : विक्रमादित्याचे चौथे इंजिन तुझ्याकडे आहे का?

सकाळी उत्तर आले होते. ‘आहे. पण मोडलंय. गोंद कुठला वापरतोस?’