सुनावणी आणि गम्मत

रायपूर स्थानकाला लागून असलेली गुढ़ियारी म्हणजे ठोक व्यापाराची बाजारपेठ आणि तिच्याभोवती दाटलेल्या वस्त्या. काही वर्षांपूर्वी तेथील दोन गल्ल्यांमधील सार्वजनिक नळाचा वाद माझ्यासमोर आला. मी रीतसर सुनावणी घेतली, जबाब नोंदवले, समझोत्यावर सह्या घेतल्या आणि प्रकरण निकाली काढले. पंधरवड्यातच त्या नळावर पुन्हा डोकी फुटली.

तेव्हा जवळच्या शाळेतील एक शिक्षक म्हणाले, "साहेब, मुलांकडून एक गम्मत बसवून पाहू." छत्तीसगढच्या 'नाचा' या लोकनाट्यातील विनोदी प्रहसनाला गम्मत म्हणतात, विदर्भातील खडी गंमत पाहिलेल्या वाचकांना हा शब्द परका वाटणार नाही. रायपुरात जन्मलेल्या हबीब तनवीर यांनी नाचाच्याच कलावंतांना घेऊन १९७५ साली 'चरणदास चोर' रंगभूमीवर आणले आणि प्रेक्षकांना चक्क एका चोराच्या बाजूने उभे केले.

शिक्षकांची अट एकच होती : प्रत्येक मुलाने समोरच्या गल्लीतील माणसाची भूमिका करायची. आपल्या आईशी भांडणाऱ्या बाईचे काम करणारी एक मुलगी तालमीत मध्येच थांबली. "हिच्या घरी म्हातारी आजारी आहे. ही रांगेत थांबणार तरी किती?" असे तिने विचारले. माझ्या जबाबांच्या कागदांत ही म्हातारी कोठेच नव्हती.

प्रयोगाच्या दिवशी एक मुलगा फाईल काखेत मारून साहेब झाला. त्याने दोघींच्या सह्या घेतल्या आणि कोरड्या नळाकडे न पाहताच तो निघून गेला. गल्ली खळखळून हसली. मीही हसलो, पण ते हसू घशातच अडकले. वादातील तिसरा पक्ष मीच होतो.

ब्राझीलचे नाटककार ऑगुस्तो बोआल हे १९९३ ते १९९६ या काळात रिओ शहराचे नगरसेवक होते. लोकांनी नाटकांतून मांडलेल्या सूचनांवरून त्यांनी कायदे करवून घेतले. नाटकानंतर प्रशासनाने काय करायचे, हे त्यांनी नेमके ओळखले होते.

पाण्याच्या वेळा बदलून घेण्यास मला तीन महिने लागले. भांडणे पुरती मिटली नाहीत. नाटकाने नळाला पाणी येत नाही. मात्र त्यानंतर कोणतीही सुनावणी घेताना मी एक प्रश्न स्वतःला आवर्जून विचारत आलो : या प्रवेशात माझी भूमिका कोणती?