आणून दाखव!

मॅगझिनसाठी मराठीत लेख दे, असं सांगितल्यावर आधी मला घामच फुटला. मी कॉन्व्हेंटची. दहावीपर्यंत मराठी म्हणजे फक्त एक पेपर! त्यामुळे अलंकारिक भाषा काही जमणार नाही, सांभाळून घ्या. विषय मात्र आपल्या सगळ्यांच्या जिव्हाळ्याचा आहे, बॅकअप.

या सुट्टीत सांगलीला मामाच्या टॅक्स कन्सल्टन्सीच्या ऑफिसात मी छोटा सर्व्हर बसवून दिला. ऑफिस तळमजल्यावर, माणसं सहा, कॉम्प्युटर पाच. फाईली पेनड्राइव्हवरून या टेबलावरून त्या टेबलावर फिरायच्या. एकाच क्लायंटची बॅलन्स शीट 'फायनल', 'फायनल नवीन' आणि 'खरी फायनल' अशा तीन नावांनी नांदत होती.

मामाला सर्व्हर हवा होता त्याला कारण २०१९ चा ऑगस्ट. कृष्णेला महापूर आला आणि ऑफिसात पाणी शिरलं. मुख्य कॉम्प्युटर टेबलाखाली होता, तो गेला. बॅकअपची डिस्क शेजारच्याच कपाटात, खालच्या खणात होती. तीही गेली! भरलेली रिटर्न्स पोर्टलवरून मिळाली, पण चालू कामाच्या नोंदी कुठून आणणार? त्या वाचल्या अण्णांमुळे. अण्णा ऑफिसातले सगळ्यात जुने कारकून. पाऊस वाढतोय बघून त्यांनी जुन्या सवयीच्या हाताने लिहिलेल्या वह्या पोटमाळ्यावर टाकल्या होत्या. पुढे कित्येक दिवस त्या वह्या बघून सगळं परत टाईप करावं लागलं.

नेटवर्कचं काम दोन दिवसांत उरकलं. आठ पोर्टचा गिगाबिट स्विच, कॅट-सिक्स केबल, सर्व्हरला कायमचा आयपी पत्ता, लिनक्सवर सांबा आणि सोबत यूपीएस. सर्व्हर भिंतीवर, छताजवळच्या फळीवर ठेवला. खरी जुंपली ती पुढे. सर्व्हरमध्ये दोन डिस्क रेड-वनमध्ये लावलेल्या बघून मामा म्हणाला, "दोन डिस्क आहेत ना? मग आणखी बॅकअप कशाला?"

मित्रहो, इथेच बहुतेक जण फसतात. रेड-वन म्हणजे आरसा. एक डिस्क बिघडली तर दुसरीवर काम चालू राहतं, एवढंच. कोणी चुकून फाईल उडवली तर ती दोन्हीकडून त्याच क्षणी उडते. रॅन्समवेअर आलं तरी तसंच, आणि पुराला तर दोन्ही डिस्क सारख्याच. म्हणून नियम आहे ३-२-१. डेटाच्या तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर, त्यातली एक दुसऱ्या जागी.

आता रोज रात्री कॉपी निघते, तारखेप्रमाणे वेगळ्या फोल्डरमध्ये. आजची फाईल बिघडली तरी परवाची शिल्लक असते. शिवाय दोन पोर्टेबल ड्राइव्ह आळीपाळीने वापरायचे. दर शनिवारी एक ऑफिसात येतो आणि दुसरा अण्णांच्या पिशवीतून त्यांच्या घरी, तिसऱ्या मजल्यावर जातो. त्यात लोकांच्या कमाईचा हिशोब आहे, म्हणून दोन्ही एन्क्रिप्ट केलेत.

हे सगळं ऐकून अण्णांनी एकच प्रश्न विचारला, "आहे म्हणतेस ना? मग आणून दाखव." त्यांनी स्वतःच एक जुनी फाईल निवडली. मी ती सर्व्हरवरून काढली आणि ड्राइव्हवरून परत आणली. त्यांनी चष्मा लावून शेवटच्या बेरजेपर्यंत तपासली, मगच मान हलवली. आता महिन्यातून एकदा ही परीक्षा होते, फाईल अण्णा निवडतात.

त्यांचा प्रश्न किती मोलाचा आहे, याचा पुरावा मोठ्या कंपनीतही सापडतो. ३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅबच्या एका इंजिनिअरच्या हातून चुकीच्या सर्व्हरवरचा सुमारे ३०० जीबी डेटा पुसला गेला. बॅकअपच्या पद्धती एक सोडून अनेक होत्या, पण बघायला गेले तर नेहमीचा बॅकअप निघतच नव्हता. तो फसल्याचे ई-मेलही कोणापर्यंत पोचत नव्हते. सुदैवाने सुमारे सहा तासांपूर्वीची एक प्रत हाती होती, म्हणून निभावलं.

म्हणजे बॅकअप घेणं हे अर्धंच काम. तो परत आणता येतो हे जोवर पाहिलं नाही, तोवर आपल्याकडे आहे तो फक्त विश्वास.

तेव्हा होस्टेलकर हो, तुमचा प्रोजेक्ट रिपोर्ट किती ठिकाणी आहे? लॅपटॉपवर आणि लॅपटॉपच्याच बॅगेतल्या पेनड्राइव्हवर? बॅग ट्रेनमध्ये राहिली तर? सबमिशनच्या आदल्या रात्री रूममेटला शिव्या घालण्यापेक्षा आजच एक प्रत दुसरीकडे ठेवा. आणि हो, ती एकदा उघडूनही बघा!