गणेशखिंडीतलं सरतं वर्ष

31 डिसेंबर 2014

वर्ष संपताना विद्यापीठातल्या मानसन्मानांचा विचार करते आहे. कुणाला फेलोशिप मिळाली, कुणाला सुवर्णपदक. सगळ्यांचा आनंद आहेच. पण मनात ठाण मांडून बसल्या त्या दोनच गोष्टी.

पहिली, नाव. 1949 साली स्थापन झालेलं पुणे विद्यापीठ यंदा सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ झालं. 1848 साली भिडे वाड्यात मुलींची शाळा सुरू झाली, तेव्हा मुंबईचं विद्यापीठसुद्धा अजून जन्मायचं होतं. शिकवायला निघालेल्या सावित्रीबाईंनी शेणगोटे झेलले, पुढे 1897 मध्ये प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना त्या गेल्या. आता गावाकडच्या कितीतरी घरांत पहिल्यांदाच पदवीधर होणारी मुलगी त्यांच्या नावाचं प्रमाणपत्र भिंतीवर लावेल. हा मान सावित्रीबाईंचा म्हणतात. मला तो विद्यापीठाचा वाटतो.

दुसरी याच महिन्यातली. खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकरांच्या ‘चार नगरांतले माझे विश्व’ या आत्मचरित्राला साहित्य अकादमी पुरस्कार! बनारस, केंब्रिज, मुंबई, पुणे अशी ती चार नगरं. आयुका ही खगोलशास्त्राची संस्था स्वायत्त, पण ती आमच्याच आवारात, आणि 1988 पासून नारळीकरांनीच ती उभी केली. विश्वाच्या उत्पत्तीवर जगाशी वाद घालणारा माणूस शाळकरी मुलांसाठी मराठीत विज्ञानकथा लिहितो, याचं मोल मला कुठल्याही शोधनिबंधाइतकंच वाटतं. आमच्या विभागांत मराठी लेखनाला अजून कुणी संशोधन म्हणून मोजत नाही. मोजायला हवं. जानेवारीतल्या बैठकीत हे मांडणार आहे.